व्यस्तबाई आणि पुलापलीकडची चाळण

दुकानात त्या "ताजी आहे का हो?" एवढं जरी बोलल्या, तरी आजूबाजूची दोनचार डोकी गर्रकन वळायची. कुणीतरी भुवया जवळ आणून म्हणायचं, "हा आवाज कुठंतरी ऐकलाय." आणि दुसरं कुणी लगेच फिदीफिदी हसायचं, "कुठंतरी काय? रोज ऐकतोस! याच त्या व्यस्तबाई!"

फोन लावला आणि लागला नाही की जी बाई मधाळ आवाजात सांगते, "या मार्गावरील सर्व लाइन व्यस्त आहेत, कृपया थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा," ती हीच. अख्ख्या शहरानं तिला आयुष्यात कधी ना कधी शिव्या घातल्या होत्या. तोंड माहीत नसलेल्या माणसाला शिव्या घालायला लोकांना मजाही वाटते. समोर भेटल्यावर मात्र सगळे खूश व्हायचे. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा, मितभाषी माणूस, पण पाहुण्यांसमोर त्याचा एक विनोद ठरलेला होता: "साऱ्या शहरासाठी व्यस्त. घरात मात्र हिची लाइन एकदा चालू झाली की मध्ये कुणाला घुसताच येत नाही."

बाई मूळच्या पुलापलीकडच्या. नदीच्या त्या काठाला लाकडाच्या वखारी, रंगाचे कारखाने आणि एकमेकांच्या भिंतींना टेकून उभी राहिलेली घरं. अलीकडे बाजार, कचेऱ्या, टेलिफोन एक्स्चेंज. आणि त्याच्या मागे टेकडीवरची कॉलनी, जिथं कुत्र्यांनासुद्धा वेगळी खोली. बाईंना एक्स्चेंजात ऑपरेटर म्हणून नोकरी लागली तेव्हा पुलापलीकडची त्या कचेरीत शिरलेली ती पहिली मुलगी. पहाटेच्या पाळीला तिचा थोरला भाऊ, दादा, तिला पूल ओलांडून सोडायला यायचा. अंगाला कायम पॉलिशचा वास, कारण दादा लाकडी सामानाला पॉलिश करायचा. एक्स्चेंजाच्या फाटकाशी थांबून म्हणायचा, "जा. आणि कुणी काही बोललं तर ऐकून घेऊ नकोस." बाईंनी हा सल्ला जन्मभर जरा जास्तच पाळला.

फोन न लागणाऱ्याला ऐकवायच्या निरोपाची फीत भरायची ठरली तेव्हा सगळ्या ऑपरेटरांचे आवाज ऐकून यांचा निवडला. हातात कागद दिला. बाईंनी वाचला आणि तिथल्या तिथं वाद घातला.

"साहेब, व्यस्त कोण म्हणतं हो? आमच्याकडे कुणी म्हणत नाही. 'लाइन गुंतल्यात' म्हणू या की. माणसाला कळेल तरी."

तेव्हाचा साहेब, आता निवृत्त होऊन कुठंतरी गुलाब लावत असेल, चष्म्यावरून बघून म्हणाला, "बाई, आवाज तुमचा, शब्द आमचे."

ते वाक्य बाईंच्या डोक्यात काट्यासारखं राहिलं. आवाज तुमचा, शब्द आमचे. पुढं कितीतरी वेळा त्यांना वाटलं, आपली सगळी नोकरीच या एका वाक्यात मावते.

दादाला मात्र त्या फितीचं भारी कौतुक. गल्लीत पहिला फोन त्याच्याकडे आला. त्याचा एक नाद होता. गर्दीच्या वेळी मुद्दाम कुठलातरी नंबर लावायचा, न लागण्याची वाट बघायची, आणि बाईंचा आवाज आला की रिसीव्हर शेजाऱ्याच्या कानाला लावून म्हणायचा, "ऐक. माझी बहीण बोलतेय." शेजारी म्हणायचा, "अरे, पण ती नाही म्हणतेय!" दादा म्हणायचा, "नाही म्हणतेय, पण किती गोड!"

ऑपरेटरांचं काम संपलं, दोऱ्या-खुंट्यांचे बोर्ड भंगारात गेले, आणि त्या जागी फोन आपोआप जोडणारा स्विच आला. कपाटांच्या रांगा, पोटात बारीक दिवे, चोवीस तास घोंघों. खोली एवढी थंड की पाळीवरची माणसं शाल पांघरून बसायची. ती थंडी यंत्रासाठी, माणसांसाठी कुणी खोल्या थंड करत नाही. बाई हे काम नव्यानं शिकल्या आणि स्विचच्या पाळीवर आल्या.

त्या कामातला एक भाग इथं सांगायलाच हवा, कारण सगळा राग तिथूनच पेटला.

एकाच वेळी फार लोकांनी फोन उचलला तर स्विच गुदमरतो. गुदमरण्याआधी त्यानं काही फोन घ्यायचे आणि काही परतवायचे असतात. कोणते परतवायचे हे त्याला स्वतःला कळत नाही. ते माणसानं आधी बसून त्याला शिकवायचं. भार अमुक खुणेपलीकडे गेला की असं कर, उतरला की सोडून दे. एक्स्चेंजातली माणसं याला 'चाळण लावणं' म्हणायची. चाळणी दोन. एक 'मुक्कामाची'. समजा सगळं शहर एकाच नंबरावर तुटून पडलंय, तर त्या नंबराच्या दाराशी चाळण लावायची. कुणीही, कुठूनही फोन करो, त्या नंबरासाठी थोडे आत, थोडे बाहेर. बाकी फोन बिनधास्त चालू. दवाखाना, अग्निशामक यांना धक्काही लागत नाही.

दुसरी 'निघण्याची'. ही वाईट. ही एखाद्या भागाच्या पायाशीच लागते. त्या भागातल्या माणसानं रिसीव्हर उचलला की लगेच अडवायचं, नंबर ऐकायच्या आधीच. ही चाळण विचारतच नाही की बाबा, तुला कुठं जायचंय? ती फक्त एवढंच बघते, तू कुठून आलास. म्हणून ती अगदीच स्विच कोसळायला आला तर थोड्या वेळापुरती लावायची, असा सगळ्यांचा पाठ. मुख्य दवाखान्यातून, अग्निशामकाकडून बाहेर होणारे फोन 'राखीव' म्हणून खूण केलेले असत, त्यांना ही चाळणही लागत नसे. त्या राखीव खुणांत टेकडीवरच्या क्लबाचाही फोन होता. तिथं टेनिस खेळताना कुणाचा जीव वाचवत होते, देव जाणे.

परीक्षेच्या निकालाचा दिवस होता. त्या वर्षी निकाल फोनवर सांगायचं ठरलं, एकच नंबर, आणि घरोघरचे आईबाप रिसीव्हर घेऊन बसलेले. दुकानं उघडायच्या सुमाराला भाराचा आकडा वर चढायला लागला. बाईंनी मुक्कामाची चाळण लावायला हात पुढं केला, एवढ्यात साहेब स्विचखोलीत आले. हे नवे साहेब. कडक इस्त्री, हळू आवाज, हसरा चेहरा. अशा माणसांपासून जपून राहावं, ओरडणारा परवडतो.

"बाई, काय करताय?"

"निकालाच्या नंबराला चाळण लावतेय."

"ती लावली तर टेकडीवरच्यांनाही निकालाचा फोन लागायला वेळ लागेल."

"लागेल की. सगळ्यांनाच लागेल."

"मला वरून तीन जणांचे फोन येऊन गेलेत. भार जास्त कुठून येतोय?"

"पुलापलीकडून. तिकडं माणसंच जास्त. एकेका फोनवर अख्खी गल्ली असते."

"मग तिकडं निघण्याची लावा."

बाईंनी मान वर केली. "साहेब, त्यांना नुसता निकालच नाही, काहीच लागणार नाही. दवाखानासुद्धा."

"आजच्या दिवसापुरती. संध्याकाळी काढू."

"नक्की काढाल?"

"बाई, तुम्ही मला विचारताय?" साहेब हसून म्हणाले.

हुकूम म्हणजे हुकूम. बाईंनी दात ओठ खात तो टाइप केला. त्या दिवशी त्यांची पाळी दुपारी संपली आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांना नव्या यंत्राच्या शिकवणीला परगावी पाठवलं. महिनाभरानं परत आल्या तेव्हा कचेरीत आनंदीआनंद. तक्रारी अर्ध्यावर आल्या होत्या. वरच्या कचेरीनं साहेबांना शाबासकी दिली होती, काचेची फ्रेम भिंतीवर टांगलेली. साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला. बाईंनीही प्यायला. आपल्या एक्स्चेंजाचं नाव झालं म्हणून त्यांनाही बरं वाटलं!

त्यानंतरच्या एका सोमवारी सकाळी दादा ब्रश हातात घेऊन एका टेबलाच्या पायाला पॉलिश करता करता तिरका झाला आणि खाली कोसळला.

बाई दवाखान्यात पोचल्या तेव्हा दादा पलंगावर होता. उजवा हात मेलेल्या माशासारखा पडलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं. बोलायला जायचा आणि घशातून नुसता घरघर आवाज. डॉक्टर तरुण होता, दमलेला होता, पण सरळ बोलला. "मेंदूचा झटका आहे. अजून थोडं आधी आणायला हवं होतं. आणि एक लक्षात ठेवा, असा झटका पुन्हा येऊ शकतो. पुन्हा आला तर एक क्षण घालवायचा नाही. फोन करा, आमची गाडी येईल. पहिल्या तासावर सगळं असतं."

वहिनी बाहेर बाकावर बसली होती. पदराला पॉलिशचे डाग. डोळे कोरडे.

"वहिनी, एवढा उशीर कसा झाला हो?"

"गाडीच मिळेना. शेवटी वखारीतल्या टेम्पोत घालून आणलं. लाकडांच्या वर." वहिनीनं पदराचा डाग नखानं खरवडला. "वन्सं, एक विचारू? राग नाही ना येणार?"

"विचारा की."

"मी धावत फोनपाशी गेले. रिसीव्हर उचलला. आणि तुम्ही बोलायला लागलात."

"वहिनी, ती फीत असते हो."

"ते मला कळतं. मी वेडी नाही. पण वन्सं, मी अजून एक आकडासुद्धा दाबला नव्हता. आणि तुम्ही म्हणता, या मार्गावरील सर्व लाइन व्यस्त आहेत. कुठल्या मार्गावरील? मी कुठं जाणार ते मी कुणाला सांगितलंच नव्हतं की! मी परत परत उचलला. दर वेळी तेच. मी शेवटी तुमच्यावर ओरडले, अहो, तुमचा भाऊ पडलाय इथं! तुम्ही म्हणालात, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नंबर दाबायच्या आधीच फीत लागते याचा अर्थ एकच होता, आणि तो शहरात त्यांच्याइतका दुसऱ्या कुणाला कळला नसता. निघण्याची चाळण. निकालाच्या दिवशी लावलेली चाळण अजून तिथंच होती. रोज सकाळी कचेऱ्या उघडायच्या वेळी भार खुणेपलीकडे गेला की ती आपोआप खाली यायची आणि पुलापलीकडचे सगळे फोन मुके व्हायचे. लोक समजत होते, तारा भिजल्या असतील.

"वहिनी, दादापाशी बसा. मी आलेच."

साहेबांच्या खोलीत शिरताना बाईंनी दार वाजवलं नाही.

"निकालाच्या दिवसाची चाळण काढली नाही तुम्ही."

साहेब फायलीतून डोकं वर न करता म्हणाले, "नाही. चांगली चाललीय."

या माणसाला कळत नव्हतं असं मुळीच नाही. चूक झाली, विसरलो, यंत्र नवं आहे, असं काही तो म्हणाला असता तर बाईंनी कदाचित दोन शिव्या देऊन सोडून दिलं असतं. त्याला पूर्ण कळत होतं. त्यानं विचार करून ठेवली होती. अंगाची लाही होते ती यानेच.

"चांगली? माझा भाऊ आडवा पडलाय. दवाखान्याला फोन लागला नाही!"

"मला वाईट वाटतं. खरंच. पण एका घटनेवरून यंत्रणा बदलता येत नाही. तक्रारी बघा किती उतरल्यात."

"तक्रार करायला फोन लागतो साहेब! आणि फोन लागत नाही हीच तर तक्रार! पुलापलीकडून तक्रारीचा नंबर लागतच नाही तर तक्रारी येतील कुठून? तुम्ही लोकांचं तोंड दाबलंय आणि म्हणताय, बघा, कुणी रडत नाही!"

"आवाज खाली. तिकडची माणसं फोनवर काय बोलतात, सांगा बरं? नुसत्या गप्पा."

"आणि टेकडीवरची काय बोलतात? तुमच्या बायकोचा फोन दुपारभर चालू असतो, तेव्हा काय राज्यकारभार चालतो?"

साहेबांचं हसू पहिल्यांदा पुसलं गेलं. मग परत आलं. "बाई, तुमचं दुःख मी समजू शकतो. पण वरून कुणी विचारलं, तर उत्तर एकच. त्या वेळी सर्व लाइन व्यस्त होत्या. आणि ते तर तुमच्याच तोंडून साऱ्या शहरानं ऐकलंय."

बाई तिथून तडक स्विचखोलीत गेल्या, शाल न घेता खुर्चीत बसल्या आणि चाळण काढून टाकली. संध्याकाळपर्यंत साहेबांनी ती परत लावली. दुसऱ्या दिवशी बाईंनी परत काढली. तिसऱ्या दिवशी त्यांचं कार्ड स्विचखोलीच्या दारावर चालेना. हातात बदलीचा हुकूम: तक्रार खिडकी. बाई तिथं उभ्या राहून मोठ्यानं हसल्या. शिपाई घाबरला.

दादाला घरी आणलं. वहिनीनं फोन त्याच्या उशाशी ठेवला. रोज सकाळी वहिनी रिसीव्हर उचलून बघायची, आणि रोज तिला नणंदेचा आवाज ऐकू यायचा. "वन्सं," ती एकदा म्हणाली, "यांना सकाळीच काही झालं तर? झटक्याला सांगू का, बाबा रे, दुपारी ये, तेव्हा लाइन मोकळ्या असतात?" ती चेष्टा नव्हती आणि तक्रारही नव्हती. वहिनी खरंच वेळेचा हिशेब करत होती. बाईंना ते ऐकवेना.

बाई वरच्या कचेरीला कागद पाठवून बसल्या, तिथून पोच आली नाही. पुलापलीकडची माणसं खिडकीशी चालत यायची. प्रसूतीच्या नर्सबाई, औषधाच्या दुकानदाराची सून, टॅक्सीवाला. "अहो व्यस्तबाई, तुम्हीच बोलता आणि तुम्हीच इथं बसता, जरा खरं सांगा, काय झालंय?" एकाला सांगायचं, दुसऱ्याला सांगायचं. किती जणांना सांगणार? आणि एका दुपारी बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अगं मूर्खे, सगळ्यांना सांगायची सोय आहे की! पुलापलीकडच्या प्रत्येक माणसाच्या कानात रोज सकाळी तूच बोलतेस!

फितीचं यंत्र बॅटऱ्यांच्या खोलीत एका कोपऱ्यात होतं, कारण त्याला न खंडणारी वीज लागायची. आणि बॅटऱ्यांची खोली म्हणजे बॅटरीकाकांचं राज्य. काका बाईंबरोबर नोकरीला लागलेले, कपड्यांना ॲसिडची भोकं, जीभ त्याहून तिखट.

"काय व्यस्तबाई, इकडं कशी वाट चुकलात? तक्रार आहे का? खिडकी बाहेर आहे."

"काका, चाळणीत अडकणाऱ्याला जी फीत लागते, ती वेगळ्या खणात आहे ना?"

"चौथ्या. बाकी शहराची पहिल्या खणात. का?"

"चौथा खण मला पाहिजे. थोडाच वेळ."

काकांनी बाईंकडे बघितलं. मग पाण्याचा डबा उचलला आणि बॅटऱ्यांच्या रांगेकडे वळले. "माझं डोकं बॅटरीत असतं तेव्हा मला मागचं काही दिसत नाही. आणि बाई, जुनं पुसल्याशिवाय नवं भरत नाही बरं का. नंतर बोंबलू नका." आणि जाता जाता, पाठमोरेच, "शब्द नीट उच्चारा. तुमचा श घसरतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुलापलीकडं ज्यानं ज्यानं रिसीव्हर उचलला, त्याला तोच मधाळ आवाज ऐकू आला:

"हा फोन अडवलेला आहे. लाइन मोकळ्या आहेत. तुम्ही पुलापलीकडून बोलताय म्हणून तो अडवलाय. अडवायचा हुकूम एक्स्चेंजाच्या मोठ्या साहेबांचा आहे. फोन लागणार नाही, म्हणून चालत या. साहेब अकराला भेटतात."

पहिल्यांदा लोकांना वाटलं, कान वाजले. मग परत उचलला. मग शेजाऱ्याला ऐकवला. औषधाच्या दुकानात रांग लागली, औषधासाठी नव्हे, फोन ऐकायला. अकराच्या आधी पुलावर माणसांची रीघ. रंगाच्या कारखान्यातले लोक हात न धुता आलेले, निळे-पिवळे. नर्सबाई पिशवीसकट. त्यांच्यात वहिनीही यायला निघाली होती, पण दादाला एकटं कसं सोडायचं म्हणून ती फोनपाशी बसून राहिली.

साहेब गॅलरीत आले. "काय गोंधळ आहे? कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तुमच्याच एक्स्चेंजानं!" खालून एकमुखानं उत्तर.

साहेबांनी आत जाऊन आपला फोन उचलला. त्यांना नेहमीसारखी डायलची घुंई ऐकू आली. त्यांनी बाईंना बोलावलं. "काय फीत भरलीय तुम्ही? मला तर काही ऐकू येत नाही."

"इथून येणार नाही साहेब. त्यासाठी पुलापलीकडं जावं लागतं. नसेल गेलात कधी तर पत्ता देते."

खरंच जावं लागलं. साहेबांची जीप माणसांच्या गर्दीतून पूल ओलांडून औषधाच्या दुकानापाशी थांबली. दुकानदारानं काउंटरवरचा फोन पुसून पुढं केला, जसं गिऱ्हाइकाला काही भारी दाखवावं. साहेबांनी कानाला लावला. ऐकताना त्यांच्या चेहऱ्यात काय काय बदललं ते दुकानातल्या सगळ्यांनी बघितलं आणि पुढं वर्षभर नक्कल करून दाखवलं. मग त्यांनी टेकडीवर आपल्या घरी फोन लावून पाहायचा प्रयत्न केला. लागला नाही. लागणार कसा? तेसुद्धा आता पुलापलीकडचेच होते.

परत येऊन ते बॅटरीखोलीत घुसले. "जुनी फीत लावा. आत्ताच्या आत्ता."

काका म्हणाले, "जुनी पुसली गेली साहेब. आणि पहिल्या खणातली इकडं भरता येत नाही."

"मग नवी भरा. दुसऱ्या कुणाकडून तरी."

"आवाज वरून मंजूर करून घ्यावा लागतो. नियम आहे. मंजूर आवाज एकच, तो यांचा."

"मग बंद ठेवा तो खण!"

"बंद ठेवला तर फोन मुका लागतो. मुका फोन म्हणजे बिघाड. एवढे सगळे फोन एकदम मुके झाले तर यंत्र आपणहून वरच्या कचेरीला कळवतं." काकांनी डब्याचं झाकण लावलं. "ते मी नाही थांबवू शकत. मी बॅटरीवाला."

साहेब बाईंकडे वळले. आवाज अजूनही हळूच. "तुम्हाला हुकूम देतोय. जुनी वाक्यं बोला."

"नाही बोलणार. लाइन व्यस्त नाहीत. माझ्या भावाच्या कानात मी खोटं बोललेय, आता पुरे. तुमच्याआधीचे साहेब म्हणायचे, आवाज तुमचा, शब्द आमचे. असू दे. पण मग शब्द तुम्हीच बोला ना! बसा इथं माइकसमोर आणि सांगा स्वतःच्या तोंडानं, तुम्ही तिकडचे आहात म्हणून तुम्हाला दवाखाना लागणार नाही. आहे हिंमत?"

बाहेर घोषणा चालू होत्या.

"आणि माझा आवाज एवढा खुपत असेल," बाई म्हणाल्या, "तर सोपं आहे. ही फीत अडवलेल्यालाच ऐकू येते. चाळण काढा. कुणी अडणार नाही, आणि मी कुणालाच ऐकू येणार नाही."

स्विचखोलीच्या काचेबाहेर माणसं नाक लावून उभी होती, तेव्हा साहेबांनी स्वतः खुर्चीत बसून चाळण काढली. शाल कुणी दिली नाही. बाई तक्रार खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. खिडकीवरचा फोन, ज्यावर कित्येक दिवस सकाळी पुलापलीकडून एकही फोन आला नव्हता, वाजला. बाईंनी उचलला.

पलीकडून वहिनी म्हणाली, "वन्सं. लागला."

बस्स. एवढंच. रिसीव्हर मात्र कुणीच ठेवेना.

आता यावर टाळ्या वाजवून घरी जाऊ नका. साहेबांची बदली झाली, ती मोठ्या शहरात, मोठ्या स्विचवर. काचेची फ्रेम बरोबर घेऊन गेले. बाईंना कामावरून घरी बसवलं, चौकशी चालू आहे, आणि आरोपाचे शब्द असे आहेत: 'कार्यालयाच्या आवाजाचा गैरवापर.' बाईंनी ते वाचून कागद असा आपटला की नवऱ्याच्या टेबलावरची तीन घड्याळं बंद पडली. "कार्यालयाचा आवाज! माझ्या नरड्यातून निघतो, आणि कार्यालयाचा!" कुणाच्या भावाचा हात गेला, कुणाची वाचा गेली, त्याबद्दल त्या कागदात ओळ नाही. त्याची चौकशीही नाही. तेव्हा म्हणे सर्व लाइन व्यस्त होत्या.

फितीवर आता दुसऱ्या बाईचा आवाज आहे. वाक्य तेच जुनं.

बाई रोज सकाळी पूल ओलांडून दादाकडे जातात. दादाचा उजवा हात तसाच आहे, शब्द अजून धड फुटत नाहीत. पण डाव्या हातानं तो रिसीव्हर उचलतो, कानाला लावतो आणि डायलची घुंई ऐकत बसतो. मग कपाळाला आठी घालून बहिणीकडे बघतो आणि रिसीव्हर तिच्याकडे नाचवतो. म्हणजे काय ते वहिनीला लगेच कळलं.

"विचारतात, तुम्ही का बोलत नाही आता त्यात?"

बाईंनी रिसीव्हर त्याच्या हातून घेतला, जागेवर ठेवला आणि त्याच्या कानाशी तोंड नेलं. "दादा, मी आता व्यस्त नाही. घरी बसवलंय मला." आणि मग खास फितीच्या मधाळ आवाजात, एकही अक्षर न घसरू देता: "ज्यांनी बसवलंय त्यांनी कृपया थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करावा. मी भांडायला मोकळी आहे."

दादाचं वाकडं तोंड आणखी वाकडं झालं. तो हसत होता.